नानांची स्कूटर आणि एकास बारा

मोबिलिटी स्कूटरच्या हँडलजवळ एक गोल बटण असतं. त्याच्या एका बाजूला कासवाचं चित्र, दुसऱ्या बाजूला सशाचं. कासवाकडे फिरवलं की गाडी हळू, सशाकडे फिरवलं की जोरात. बहुतेक कंपन्यांनी हीच दोन चित्रं धरून ठेवली आहेत, आणि मराठी शाळेत पहिलीचा उंबरा ओलांडलेल्या कुणालाही ती समजावून सांगावी लागत नाहीत. आता सशाचा जोर तो किती? ताशी सहा ते बारा किलोमीटर. येवल्याच्या विंचूर चौफुलीवर या वेगाने कुणी निघालं, तर मागून येणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरलासुद्धा आपला अपमान झाल्यासारखं वाटेल.

अशी एक गाडी समजा येवल्यातल्या नानांकडे आली. नाना म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. येवल्यात गल्लीगणिक एक नाना असतातच. आयुष्य खड्डामागावर गेलेलं. खड्ड्यात पाय सोडून बसायचं, पायाने पावड्या दाबायच्या, हाताने पदरावरचे मोर उतरवायचे. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं. गुडघ्यांना मात्र कोणतंच मानांकन न मिळता ते निवृत्त झाले. मग पुण्यातल्या मुलाने घरबसल्या मोबाइलवर बोट दाबलं आणि चौथ्या दिवशी टेम्पोतून खोका उतरला.

पहिली निराशा गल्लीची झाली. स्कूटर येणार म्हटल्यावर पन्नाशीपुढच्या मंडळींच्या डोळ्यांसमोर बजाज चेतक होती. ती सुरू होईना की एका अंगावर कलती करायची, मग किक मारायची, मग नशिबाला बोल लावायचा. खोक्यातून निघाली ती चाकं लावलेली खुर्ची. तरी एकाने सवयीने विचारलंच, "थोडी तिरकी करून बघायची का?" मोबिलिटी स्कूटरच्या बाबतीत जगात जे काही करू नये, त्यातलं हे पहिलं.

या गाडीचा जन्म एका प्लंबरच्या हातून झाला, हे फार जणांना ठाऊक नसतं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात ॲलन थीम नावाच्या गृहस्थाचा प्लंबिंगचा व्यवसाय होता. घरातल्या माणसाला मल्टिपल स्क्लेरोसिसने ग्रासलं, चालणं अवघड झालं, तेव्हा त्याने १९६८ साली बॅटरीवर चालणारी खुर्ची-गाडी तयार केली आणि तिचं नाव ठेवलं 'अमिगो', म्हणजे मित्र. आपल्याकडे रस्त्यावर जास्त दिसतात त्या दोन गोष्टी: कानपूरच्या ॲलिम्को या सरकारी कंपनीच्या तीनचाकी, आणि मिस्तरीने मागे दोन्ही बाजूंना जादा चाक जोडलेली ॲक्टिव्हा. दोन्ही रस्त्यावर बऱ्या. पण त्या दाराशी थांबतात आणि माणसाने पुढे आपलं आपण बघून घ्यायचं असतं. मोबिलिटी स्कूटरचा हट्ट असा की मी घरात येणार, दुकानात येणार, दवाखान्यात येणार, लिफ्टमध्येही येणार. मोठ्या गाड्यांना कधी न दिसलेले सगळे उंबरे, पायऱ्या आणि गटारीवरचे ढापे त्यामुळे एकदम तिच्या वाटेत उभे राहतात.

नानांच्या दाराशी ओटा आहे. ओटा नसेल तर येवल्यात घराला घर कोण म्हणेल? तीन पायऱ्या, प्रत्येकी सात इंच, म्हणजे जमिनीपासून २१ इंच. मिस्तरी आले, ओट्याकडे एक नजर टाकली आणि टेप न काढताच म्हणाले, "नाना, टेन्शन नका घेऊ. पाच फुटांत काढून देतो. समोरच्यांचा मीच केलाय, त्यावरून बुलेट चढते."

हीच खरी मेख आहे. आपल्या गावात ज्याला रॅम्प म्हणतात तो माणसासाठी नसतोच मुळी. तो मोटारसायकल रात्री ओट्यावर घेण्यासाठी असतो. बुलेटला इंजिन असतं, तिला दोन धडधाकट पोरं ढकलायला असतात आणि ती मागे घरंगळली तर पोरं उडी मारून बाजूला होतात. नानांना उडी मारता आली असती तर स्कूटर कशाला घेतली असती?

सरकारी मार्गदर्शक नियमांतला आकडा आहे एकास बारा. एक इंच उंची चढायची तर बारा इंच लांबी हवी. त्याहून उभा उतार नको, आणि उंची जास्त असली तर आणखी सौम्य, एकास पंधरा वगैरे. म्हणजे २१ इंचांच्या ओट्याला किमान २१ फूट. एकास पंधराने गेलं तर सव्वासव्वीस. रुंदी किमान १२०० मिलिमीटर, म्हणजे साधारण चार फूट, दोन्ही बाजूंना धरायला कठडा, आणि वर-खाली दोन्हीकडे गाडी वळवता येईल एवढी सपाट जागा. मिस्तरींनी हे ऐकून घेतलं आणि समोरच्या घराकडे पाहिलं. गल्ली दहा फुटांची. २१ फुटांचा रॅम्प सरळ काढला असता तर तो समोरच्यांच्या माजघरात, बहुधा देव्हाऱ्याजवळ, उतरला असता.

पण आकडा काही हौसेने ठरवलेला नाही. नाना ७० किलो, गाडी बॅटऱ्यांसकट ५५ किलो, एकूण १२५. एकास बाराच्या उतारावर पृथ्वी त्यांना मागे ओढते ती साडेदहा किलोच्या आसपासच्या जोराने. छोटी मोटर एवढं निमूट सहन करते. मिस्तरींच्या पाच फुटी रॅम्पवर तोच जोर ४१ किलोंवर जातो आणि कोन होतो १९ अंशांचा. लहान स्कूटरच्या पुस्तिकेत चढाची मर्यादा बहुधा सहा ते दहा अंशांच्या आसपास दिलेली असते. ती ओलांडली की दोन गोष्टी होऊ शकतात. मोटर दम सोडते, किंवा दम सोडत नाही आणि पुढची चाकं हवेत उचलली जातात. दुसरी गोष्ट जास्त वाईट. म्हणून मागच्या बाजूला दोन छोटी चाकं लावलेली असतात. ती एरवी जमिनीला टेकतही नाहीत, त्यामुळे 'ही कशाला' म्हणून काढून टाकायचा मोह होतो. गाडी मागे कलली तर तीच आधी टेकतात. पोरांनी ती काढून गोट्यांच्या डब्यात टाकली की तो आधार गेलाच.

चढ चढायची रीत सोपी आहे, पण येवल्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. सरळ चढायचं, तिरकं नाही. मध्येच वळायचं नाही, ओळखीचं कुणी दिसलं तरीसुद्धा नाही. अंग किंचित पुढे झुकवायचं. शक्यतो मध्ये थांबायचं नाही. सामान मागे टांगायचं नाही. हे शेवटचं सगळ्यात अवघड, कारण बाजारातून येताना पाच किलो कांद्याची पिशवी पाठीमागे खुर्चीला अडकवणं हाताला इतकं सोयीचं पडतं की विचार करायला वेळच मिळत नाही. सपाट रस्त्यावर ती पिशवी गरीब गाय असते. चढावर तीच पाच किलो पाठीमागून लोंबकळत पुढचं चाक हलकं करते. कांदा पुढच्या जाळीत. लासलगाव जवळ असलेल्या तालुक्यात कांद्याने माणूस पाडला, तो बाजारभावाने पाडला तर एक वेळ समजण्यासारखं आहे.

उतरताना नियम याहून कडक. वरच, सपाट जागेवर, बटण कासवाकडे फिरवून घ्यायचं. या गाडीला सायकलसारखा ब्रेक दाबावा लागत नाही. अंगठ्याखालची दांडी सोडली की विजेवर चालणारा ब्रेक आपोआप लागतो. पुरुषांना हे पटत नाही. चाळीस वर्षं मोटारसायकल चालवलेला माणूस घाबरला की काहीतरी घट्ट आवळतो. सोडून देणं त्याच्या रक्तात नसतं. नेमकी हीच सवय घात करते, कारण दांडी आवळली की गाडी आणखी पुढे जाते. त्यामानाने कधीच कुठली गाडी न चालवलेल्या आजी ही स्कूटर फार लवकर शिकतात. चालत्या गाडीत चावी फिरवून बंद करणं हाही एक आवडता उपाय आहे. त्याने गाडी जागच्या जागी गच्च थांबते आणि माणूस आपल्या गतीने पुढे जातो.

एवढं सगळं सांभाळलं तरी एक धोका उरतो. मदत.

येवल्यात रॅम्पवर एकटं राहणं शक्य नाही. नानांचं पुढचं चाक उताराला लागतं न लागतं तोच चारी बाजूंनी "थांबा थांबा नाना, धरतो" सुरू होतं. एक जण खुर्चीची हात टेकायची पट्टी धरून वर उचलतो. ती वर फिरण्यासाठीच बनवलेली असते, म्हणून ती एकटीच वर येते. दुसरा पाठ धरतो. ती पुढे दुमडते आणि नाना मुजरा करतात. तिसरा खुर्चीच धरतो. प्रवासाला न्यायच्या छोट्या गाड्यांची खुर्ची खिटी ओढली की सुटते, त्यामुळे नाना खुर्चीसकट वर आणि गाडी खाली, असा देखावा होण्याची पूर्ण शक्यता असते. पण सगळ्यात हुशार असतो चौथा. त्याला मागे, मोटरजवळ, एक रंगीत दांडी दिसते. ती गाडी हाताने ढकलता यावी म्हणून दिलेली असते. ती फिरवली की मोटर चाकांपासून सुटते आणि तिच्याबरोबर ब्रेकही जातो. सपाट फरशीवर ठीक. चढाच्या मध्यावर कुणी ती दांडी 'जरा बघतो' म्हणून फिरवली, तर १२५ किलोंचा ऐवज उलट्या दिशेने निघतो, आणि मग मात्र मदत करणारे चौघंही एकदम बाजूला होतात. ढकलायची खरी गरज पडलीच, तर गाडीचा सांगाडा कुठे धरायचा ते आधी सपाटीवर दाखवून ठेवावं. बाकीच्यांना चहा सांगावा.

सार्वजनिक इमारतींमधला रॅम्प हा वेगळाच प्रकार. तो असतो, हे आधी मान्य केलं पाहिजे. कायदा आहे, २०१६ चा दिव्यांग हक्क अधिनियम. त्याच्या आदल्या वर्षी, ३ डिसेंबर २०१५ ला सुगम्य भारत अभियान सुरू झालं. म्हणून अनेक कार्यालयांच्या दाराशी उतार दिसतो. काही ठिकाणी तो गुळगुळीत ग्रॅनाइटचा असतो, दिसायला देखणा. आषाढात त्याच्यावरून कोरड्या पायाचा शिपाईही घसरतो. काही ठिकाणी रॅम्प संपतो आणि लगेच दोन इंचांची चौकट सुरू होते. काही ठिकाणी रॅम्पच्या तोंडाशी कुंड्या ठेवलेल्या असतात, कारण उद्घाटनाला त्या कुठेतरी ठेवायच्या होत्या.

उतार हवा तेव्हा तयार होऊ शकतो, हे देशाने २००१ च्या जानेवारीत पाहिलं. स्टीफन हॉकिंग मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेला आले होते, तिथून ते दिल्लीला गेले. त्यांना ऐतिहासिक वास्तू पाहायच्या होत्या, दिव्यांग हक्कांच्या कार्यकर्त्यांनी आवाज उठवला, आणि कुतुबमिनार, जंतरमंतरसारख्या ठिकाणी तात्पुरते लाकडी उतार बसले. कृष्णविवरांचा अभ्यासक यावा लागला, हे मात्र खरं. प्रत्येक गावाला एक हॉकिंग परवडत नाही.

आणि जिथे तो येत नाही, तिथे काय होतं तेही नोंदलेलं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतल्या खारच्या विवाह नोंदणी कार्यालयात विराली मोदी लग्नासाठी गेल्या. त्या व्हीलचेअर वापरतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर आणि इमारतीला लिफ्ट नाही. नवरीला उचलून जिना चढवावा लागला. त्यांनी स्वतः हे जाहीरपणे सांगितल्यावर सरकारकडून दिलगिरी व्यक्त झाली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की सुगम्यतेचे किमान निकष नुसत्या शिफारशी राहू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत, आणि नियम करायला केंद्राला तीन महिने दिले. इथे विनोदाला फारसा वाव नाही, म्हणून पुढे जाऊ.

लिफ्टकडे. येवल्यात अजून बहुतेक घरांचा कारभार जिन्यावरच चालतो, आणि संक्रांतीला तर सगळं गाव गच्चीवर असतं. तीन दिवस पतंग, हलकडी वाद्याचा आवाज, हातात मांजाची आसारी. नानांना गच्चीवर नेणारी लिफ्ट नाही. त्यांनी ओट्यावरून "ढील दे" म्हणून ओरडायचं आणि नायलॉन मांजाच्या भीतीने गल्लीत गाडी काढायची नाही. लिफ्टशी त्यांची गाठ पडते ती नाशिकला, ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटरवर, हाडांच्या डॉक्टरांकडे. तिकडे जायला एस.टी. आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना ती फुकट आहे. भाडं शून्य झालं, पायरी होती तेवढीच आहे. म्हणून पुतण्याची गाडी सांगायची, स्कूटरची खुर्ची आणि बॅटऱ्या सुट्या करून डिकीत टाकायच्या, आणि नाशिकला पोचल्यावर त्या परत जुळवताना एक नटबोल्ट शिल्लक का राहिला यावर चर्चा करायची.

लिफ्टमध्ये एक पाटी असते: '४ व्यक्ती, २७२ किलो'. भागाकार केला तर माणशी ६८ किलो. नाना गाडीसकट १२५, म्हणजे जवळजवळ दोन माणसं. पण लिफ्टमधली जनता डोकी मोजते, किलो मोजत नाही. "एकच माणूस आहे ना, मावतील की" म्हणत आणखी तिघं आत शिरतात आणि लिफ्ट जागची न हलता कुरकुर करू लागते. शिवाय या प्रमाणित चार माणसी लिफ्टची खोली ७०० मिलिमीटर आणि दारही तेवढंच. स्कूटरची लांबी साधारण एक ते सव्वा मीटर. नाना आत, मागची चाकं बाहेर, आणि दार मध्ये येऊन परत जातंय, येतंय, परत जातंय. चाकाच्या खुर्चीसाठी नियमात सांगितलेली लिफ्ट तेरा माणसांची असते: दोन मीटर रुंद, ११०० मिलिमीटर खोल, दार ९०० मिलिमीटर. सव्वा मीटरची गाडी तिच्यातही नाकासमोर गेली की मागून सहा इंच बाहेर उरते. त्यामुळे घेण्याआधी टेप लावून गाडी मोजावी आणि आपल्या नेहमीच्या दवाखान्याची लिफ्टही मोजावी. लिफ्टमध्ये टेप धरून वाकलेल्या माणसाकडे वॉचमन संशयाने बघतो, तेवढं सोसावं.

आत जाताना कासव. जमीन आणि लिफ्ट यांच्यामधल्या फटीवरून चाक सरळ न्यायचं. तिरकं गेलं तर छोटं पुढचं चाक फटीत अडकतं किंवा झटक्याने वळतं. लिफ्ट जमिनीपेक्षा इंचभर वर थांबली असेल तर पुढची खेप धरावी. आत गेल्यावर लगेच चावी काढायची. याचं कारण गर्दी. कुणाच्या पर्सचा पट्टा, कुणाच्या डब्याची पिशवी त्या अंगठ्याखालच्या दांडीवर टेकते आणि स्कूटर नानांना न विचारता पुढच्या गृहस्थांच्या पोटरीत शिरते. ते गृहस्थ वळून नानांकडे बघतात. नाना चावीकडे बघतात.

बाहेर येणं बहुतेक वेळा उलटं, कारण आत वळायला जागा नसते. गाडी मागे घेताना ती पीं पीं वाजते. आठव्या मजल्यावर ट्रक मागे येतोय की काय म्हणून बाहेर उभी असलेली मंडळी बावरून भिंतीला चिकटतात, आणि हे एका अर्थी चांगलंच आहे, कारण वाट मोकळी होते. मान मागे वळत नसेल तर लिफ्टमधला आरसा उपयोगी पडतो. तो केस विंचरण्यासाठी लावलाय असं सगळ्यांना वाटतं; उलटं बाहेर पडणाऱ्याला मागचं दिसावं हा त्याचा खरा उपयोग.

नाशिक जिल्ह्यापुरतं बोलायचं तर उतार आणि लिफ्ट यांचं लग्न लावलेलं एक ठिकाण आहेच: वणीचा सप्तशृंगी गड. सुमारे पाचशे पायऱ्यांच्या चढावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, रुळांवरून तारेने ओढली जाणारी. डोंगर आहे तसाच उभा राहिला, भाविकांची गुडघेदुखी आहे तशीच राहिली, मध्ये फक्त यंत्र बसलं. देवीला पायऱ्या चढून न आल्याचा राग आल्याचं ऐकिवात नाही.

इकडे नानांचा रॅम्प अखेर झाला. सरळ नाही, ओट्याला समांतर, भिंतीच्या कडेकडेने. अर्ध्यावर सपाट जागा, तिथे वळण, मग उरलेला अर्धा. कोब्यावर खराट्याने रेघा ओढलेल्या, घसरू नये म्हणून. मिस्तरींनी शेवटपर्यंत कुरकुर केली, पण लेव्हल ट्यूब लावून उतार काढला तो अचूक. पहिल्याच आठवड्यात गॅसवाल्याने सिलिंडर खांद्यावर न घेता गडगडत वर नेला. समोरच्या सुनेने बाळाची गाडी फिरवून बघितली. शेजारच्या काकूंनी वळणाच्या सपाट जागेवर गहू वाळत घातले, आणि संध्याकाळी दोन मोटारसायकली अंगणात लावाव्यात तशा रॅम्पवर विसावल्या.

नानांच्या मुलाने पुण्याहून फोनवरून पाटी रंगवून घ्यायला सांगितली: 'रॅम्पवर वाहने लावू नयेत'. पेंटरने सुबक अक्षरांत ती केली, लोखंडी खांबावर वेल्डिंग केली आणि सगळ्यांना दिसावी म्हणून खांब रॅम्पच्या तोंडाशी, बरोबर मधोमध, सिमेंटात पक्का केला. चार फुटांचे दोन झाले, एकेका बाजूला दोन-दोन फूट. गाडीची रुंदीही दोन फूट. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या खांबाला कुणीतरी शेळी बांधून ठेवली होती.